कुमार आणि तरुण वाचकांना कादंबरी कशी सुचवावी

पंधरा-सोळा वर्षांच्या मुलामुलींना कादंबरी सुचवताना मोठ्या माणसांकडून सर्वाधिक वेळा होणारी चूक अशी, की ती समोर बसलेल्या वाचकाला विसरून स्वतःच्या पंधराव्या वर्षाला पुस्तक देतात. त्या वयात ज्या कादंबरीने आपल्याला रात्रभर जागवले तिच्यावर आपला जीव असतो, त्या ओढीने आपण ती पुढे करतो, आणि महिन्याभराने ते पुस्तक विसाव्या पानाच्या पुढे सरकलेले नाही असे कळले, की हल्लीची मुले वाचत नाहीत असे म्हणून मोकळे होतो. मी स्वतः ही चूक अनेक वर्षे केली. पुढे वाचकगटांतून आणि ओळखीच्या मुलांशी बोलताना हळूहळू ध्यानात आले, की शिफारशीची सुरुवात यादीपासून न करता प्रश्नापासून करावी लागते, आणि त्या प्रश्नाच्या उत्तरातून आपल्याला आवडता विषय हुडकायचा नसून मागच्या पुस्तकातल्या नेमक्या कोणत्या गोष्टीने या वाचकाला धरून ठेवले होते ते हुडकायचे असते. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एकाच गोष्टीवर उभ्या आहेत.

एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची जी पाच सूत्रे मांडली, त्यांतले दुसरे सूत्र प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक मिळावे असे सांगते आणि तिसरे प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असे सांगते. शिफारस करणाऱ्याने या दोन सूत्रांमध्ये उभे राहायचे असते. चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवण्याविषयी आहे आणि कुमारवयीन वाचकांच्या बाबतीत ते विशेष महत्त्वाचे आहे, कारण चुकीच्या पुस्तकात गेलेले दोन आठवडे त्यांना वाचनापासूनच दूर नेऊ शकतात.

पहिली पायरी: वय पाहा, पण वयावर थांबू नका

अमेरिकन ग्रंथालय संघटनेचा तरुण वाचकांसाठी काम करणारा विभाग बारा ते अठरा हा वयोगट आपला मानतो. अठरापासून पंचविशीपर्यंतच्या वाचकांना ग्रंथालयांमध्ये बहुधा थेट प्रौढांच्या कपाटाकडे पाठवले जाते, आणि तिथे ते गोंधळतात. कामापुरते तीन टप्पे धरावेत: बारा ते चौदा, पंधरा ते सतरा, आणि अठराच्या पुढचे. पहिल्या टप्प्यातल्या वाचकाला साधारणपणे आपल्याहून दोन-तीन वर्षांनी मोठ्या नायक-नायिकेविषयी वाचायचे असते. आपल्याहून लहान पात्र समोर आले की त्याला ते पुस्तक बाळबोध वाटते. दुसऱ्या टप्प्यात अन्याय, मैत्रीतला विश्वासघात, आईवडिलांशी होणारे वाद आणि पहिले प्रेम यांबद्दलची संवेदना अतिशय तीक्ष्ण असते. तिसऱ्या टप्प्यात घर सोडणे, काम, पैसा, एकटेपण आणि आपण कोण होणार आहोत हा प्रश्न पुढे येतो.

ही विभागणी कच्ची आहे, आणि ती कच्चीच ठेवावी. 'द आउटसायडर्स' ही कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिची लेखिका एस. ई. हिंटन अठरा वर्षांची होती आणि लेखनाला तिने पंधराव्या वर्षीच सुरुवात केली होती. कुमारांसाठीच्या आधुनिक कादंबरीची वाट रुंद करणाऱ्या पुस्तकांत तिचे नाव घेतले जाते. उलट, १९५१ सालची 'द कॅचर इन द राय' प्रौढांसाठी प्रसिद्ध झाली होती, पण तिला सोळा-सतरा वर्षांच्या वाचकांनी आपले म्हटले. मार्क हॅडन यांची 'द क्युरियस इन्सिडेंट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' तर २००३ साली एकाच वेळी मुलांसाठी आणि प्रौढांसाठी अशा दोन वेगळ्या आवृत्त्यांत बाजारात आली. मजकूर तोच होता, वेष्टन मात्र वेगळे.

इथे एका गैरसमजाबद्दल थोडे थांबून सांगणे आवश्यक वाटते. मुलांविषयीची कादंबरी ही मुलांसाठीची कादंबरी असतेच असे नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'मधला मुकुंद नववीत आहे, म्हणून ती तेरा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी असे अनेकांना वाटते. त्या वयाच्या काही वाचकांना ती मनापासून आवडतेही. परंतु त्या कादंबरीतला हुरहुरीचा भाग पूर्णपणे पोहोचण्यासाठी शाळा थोडी मागे पडलेली असावी लागते, आणि म्हणूनच सतरा-अठरा वर्षांचा वाचक तिच्यात अधिक खोल उतरतो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. प्रकाश नारायण संत यांच्या लंपनच्या गोष्टींबाबतही असेच घडते. त्या गोष्टींतला मुलगा लहान आहे, पण त्याच्याकडे वळून पाहणारी मायेची नजर प्रौढाची आहे, आणि प्रत्यक्ष लहान असलेल्या वाचकाला त्या नजरेत शिरता येतेच असे नाही. पुस्तकातल्या पात्राचे वय आणि पुस्तकातल्या दृष्टीचे वय ही दोन वेगळी वये आहेत, आणि शिफारस करताना दुसरे अधिक कामाचे ठरते.

दुसरी पायरी: नीट विचारा आणि उत्तर पूर्ण होऊ द्या

"तुला काय वाचायला आवडते?" या प्रश्नाला कुमारवयीन वाचक बहुतेक वेळा खांदे उडवून "काहीही चालेल" असे उत्तर देतो. त्यात त्याचा दोष नाही. आवडीचे नाव सांगता येण्यासाठी बरेच वाचन झालेले असावे लागते, आणि शिवाय आपले उत्तर तपासले जाणार आहे अशी शंका त्याला येते. त्याऐवजी एखाद्या ठोस घटनेविषयी विचारावे.

"अलीकडे कोणते पुस्तक तुला मधेच खाली ठेवावेसे वाटले नाही?" हा माझा पहिला प्रश्न असतो. पुस्तक आठवत नसेल तर चित्रपट, मालिका, कॉमिक किंवा खेळ यांविषयी तोच प्रश्न विचारावा, आणि विचारताना स्वरात जराही कमीपणा येऊ देऊ नये. व्हिडिओ गेममधल्या कथेत तासन्‌तास रमणारी मुलगी कथानकाची उत्तम जाणकार असू शकते. दुसरा प्रश्न, "त्यातले काय अजून आठवते?" हा सर्वांत मोलाचा आहे आणि त्याच्या उत्तरासाठी शांत बसून वाट पाहावी लागते. तिसरा प्रश्न टाकून दिलेल्या पुस्तकाविषयी असावा: कोणते पुस्तक अर्ध्यात सोडले आणि साधारण कुठे? वर्णन सुरू झाले तिथे सोडले, खूप नावे एकदम आली तिथे सोडले, की नायक मूर्खासारखा वागू लागला तिथे सोडले, यावरून पुष्कळ कळते. शेवटचा प्रश्न आत्ताच्या मनःस्थितीविषयी असतो. परीक्षा संपवून आलेला आणि दोन महिन्यांची मोकळीक मिळालेला असे एकाच मुलाचे दोन वाचक असतात, आणि त्यांना एकच पुस्तक चालत नाही.

एक उदाहरण घेऊ. तीन मुले सांगतात, की सुझन कॉलिन्स यांची २००८ सालची 'द हंगर गेम्स' त्यांना प्रचंड आवडली. यादी पाहून शिफारस करणारा तिघांनाही भविष्यातल्या जुलमी राजवटीवरची आणखी एक कादंबरी देईल. पण "काय आठवते?" असे विचारल्यावर पहिला म्हणतो, की प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढे काय होणार याची धाकधूक असायची. दुसरी म्हणते, की कॅटनिस बहिणीच्या जागी स्वतः पुढे होते तो प्रसंग तिच्या मनातून जात नाही. तिसरा म्हणतो, की जिल्ह्यांची ती सगळी व्यवस्था, कोण काय पिकवते, कोण कोणावर कसे राज्य करते, हे त्याला वहीत काढून पाहावेसे वाटले. पुस्तक एकच आहे आणि वाचक तीन. विषय सारखा ठेवून दिलेले पुढचे पुस्तक यांतल्या फार तर एकाला लागू पडेल, आणि उरलेल्या दोघांना वाटेल की आपल्याला वाचनाची गोडीच नाही.

तिसरी पायरी: वाचक कोणत्या दाराने आत येतो ते ओळखा

सिएटलमध्ये काम केलेल्या ग्रंथपाल नॅन्सी पर्ल यांनी मांडलेली चार दारांची कल्पना इथे फार उपयोगी पडते. पुस्तकात शिरण्याची चार दारे त्या सांगतात: कथा, पात्रे, परिसर आणि भाषा. प्रत्येक कादंबरीला चारही दारे असतात, पण एखादे सताड उघडे असते आणि एखादे जेमतेम किलकिले. वाचकाचे नेहमीचे दार आणि पुस्तकाचे मोठे दार जुळले की काम झाले.

वरच्या पहिल्या मुलाचे दार कथेचे आहे. त्याला जेसन रेनॉल्ड्स यांची 'लाँग वे डाऊन' द्यावी. २०१७ सालची ही कादंबरी भावाच्या खुनाचा सूड घ्यायला निघालेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या लिफ्टमधल्या मिनिटभराच्या प्रवासावर उभी आहे आणि ती संपूर्ण मुक्त छंदात लिहिलेली आहे. मराठीत वाचणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आजही वेगाच्या बाबतीत मागे पडलेला नाही. महाविद्यालयीन वयात सुहास शिरवळकरांच्या कादंबऱ्या हेच काम करतात.

दुसरीचे दार पात्राचे आहे. तिला धावपळीची कथा नसली तरी चालेल, पण जिच्या मनात राहता येईल अशी व्यक्ती हवी. मार्कस झुसाक यांची २००५ सालची 'द बुक थीफ' अशा वाचकांना खोलवर भिडते. तिचा निवेदक स्वतः मृत्यू आहे आणि ती नाझी जर्मनीतल्या एका मुलीची गोष्ट सांगते. पाने पाचशेच्या वर असूनही पात्रांत गुंतणारा वाचक त्या आकाराची तक्रार करत नाही. तिसऱ्याचे दार परिसराचे, म्हणजे जगाच्या रचनेचे आहे. त्याच्यासाठी लोइस लाउरी यांची 'द गिव्हर' (१९९३) चांगली, कारण वेदना आणि आठवणी दोन्ही पुसून टाकलेल्या समाजाचे नियम तिच्यात एकेक करून उलगडत जातात. याच मुलाला जादूची दुनिया चालत असेल तर अर्सुला ले ग्विन यांची १९६८ सालची 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' सुचवता येते, परंतु तिची भाषा संथ आणि जुन्या कहाणीसारखी आहे हे आधी सांगून ठेवावे, म्हणजे तो वेगाची अपेक्षा घेऊन बसणार नाही. विज्ञानाकडे ओढा असलेल्या मराठी वाचकासाठी जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित' आणि 'वामन परत न आला' या कादंबऱ्या आहेतच.

परिसराच्या दाराने आत येणाऱ्या पण कल्पित दुनियेची आवड नसलेल्या वाचकांकडे आपले फार दुर्लक्ष होते. त्यांना खऱ्या जागा हव्या असतात, जिथे जाऊन राहिल्यासारखे वाटेल. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' (१९५५) आणि प्रभाकर पेंढारकरांची 'रारंग ढांग' या दोन कादंबऱ्यांनी मला अशा वाचकांच्या बाबतीत सहसा निराश केलेले नाही. पहिलीत एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला येतो, दुसरीत एक तरुण इंजिनिअर हिमालयातल्या कड्यात रस्ता खोदायच्या कामावर रुजू होतो. दोघेही विशीत आहेत आणि दोघांनाही पहिल्यांदाच जबाबदारीची जागा मिळालेली आहे, त्यामुळे अठरा ते पंचवीस या वयोगटासाठी त्या विशेष योग्य आहेत.

भाषेचे दार कुमारवयात क्वचित उघडलेले दिसते, पण ज्या वाचकाचे ते असते तो लगेच ओळखू येतो, कारण तो तुम्हाला एखादे वाक्य पाठ म्हणून दाखवतो. असा वाचक अठरा-एकोणीस वर्षांचा असेल तर भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' त्याच्या हाती पडायलाच हवी. १९६३ साली आलेल्या या कादंबरीचा निवेदक पंचवीस वर्षांचा आहे, वसतिगृह आणि महाविद्यालय यांमधून फिरून तो रिकाम्या हाताने घरी येतो, आणि हे सगळे ज्या भाषेत तो सांगतो ती भाषाच त्या कादंबरीची मुख्य घटना आहे. हीच 'कोसला' कथेच्या दाराने येणाऱ्या वाचकाला दिली तर शंभर पाने झाली तरी काहीच कसे घडत नाही असे तो विचारतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे म्हणणे चुकीचे नाही.

चौथी पायरी: पाने मोजू नका, पान उघडून दाखवा

जाडी फसवी असते. 'लाँग वे डाऊन' तीनशे पानांची असूनही एका बैठकीत संपते, कारण एकेका पानावर मोजक्याच ओळी आहेत. उलट दीडशे पानांची एखादी दाट कादंबरी महिनाभर पुरते. वाचनाचा आत्मविश्वास कमी असलेल्या मुलाला देण्याच्या पुस्तकात प्रकरणे छोटी आहेत का, संवाद पुरेसे आहेत का, अक्षर बारीक तर नाही ना आणि पहिल्या दहा पानांत किती पात्रांची नावे येतात, एवढे पाहून घ्यावे. मग पुस्तक त्याच्याच हाती देऊन पहिले पान आणि मधले कोणतेही एक पान वाचायला सांगावे. त्या पाच मिनिटांत त्याचा चेहरा जे सांगतो ते कोणत्याही श्रेणीच्या तक्त्यातून कळत नाही.

वाचक ज्या भाषेत शिकतो आणि ज्या भाषेत स्वप्ने पाहतो त्या दोन भाषा वेगळ्या असतील, तर कोणत्या भाषेतले पुस्तक हवे हे त्यालाच ठरवू द्यावे. अनुवाद देताना मात्र आपण स्वतः त्याची काही पाने वाचलेली असावीत, कारण खडबडीत अनुवादामुळे चांगली कादंबरी वाचकाच्या मनातून कायमची उतरते. डोळ्यांनी वाचणे ज्याला कष्टाचे जाते त्याच्यासाठी ऐकायची पुस्तके हा पूर्ण प्रतिष्ठेचा मार्ग आहे, तसेच चित्रकादंबऱ्याही, आणि त्यांना 'खऱ्या वाचनाची तयारी' असे म्हणून कमी लेखू नये.

पाचवी पायरी: कठीण आशयाबद्दल खरे सांगा

शिफारस करणाऱ्याची खरी कसोटी इथे लागते. कुमारांसाठीच्या चांगल्या कादंबऱ्यांत मृत्यू, हिंसा, लैंगिक अत्याचार, व्यसन आणि आत्महत्या हे विषय येतात, कारण त्या वयाच्या मुलांच्या आयुष्यातही ते येतात. लॉरी हाल्स अँडरसन यांची 'स्पीक' (१९९९) बलात्कारानंतर बोलणेच जवळजवळ थांबवलेल्या शाळकरी मुलीविषयी आहे. असे पुस्तक कपाटाआड ठेवणे जसे चूक, तसेच काहीच न सांगता ते कोणाच्याही हातात देणेही चूक आहे.

मी दोन गोष्टी वेगळ्या करून पाहते: विषय कोणता आहे आणि तो हाताळला कसा आहे. अत्याचार झाल्याचे कळते पण कॅमेरा तिथे रेंगाळत नाही, की प्रसंग तपशिलात रंगवला आहे? दुःखानंतर पात्राभोवती माणसे उरतात, की पुस्तक तिला एकटे सोडून देते? आत्महत्येविषयीच्या कादंबरीत मी विशेष सावध असते. त्यात कृतीचे बारीक तपशील असतील, ती कृती इतरांना धडा शिकवण्याचा मार्ग म्हणून दाखवली असेल किंवा तिला एखाद्या विजयाचे रूप दिले असेल, तर ते पुस्तक मी कुमारवयीन वाचकाला सुचवत नाही, मग त्याची कितीही वाहवा झालेली असो.

वाचकाला पुस्तक देताना आशय एका साध्या वाक्यात सांगावा: "यात नायिकेच्या भावाचा मृत्यू होतो आणि पुस्तकाचा बराच भाग त्यानंतरच्या दिवसांबद्दल आहे, तुला आत्ता ते वाचायचे आहे का?" गोष्टीतली उत्कंठा थोडी कमी झाली तरी चालेल. बहुतेक वाचक हो म्हणतात, आणि जो नाही म्हणतो त्याच्या नकाराचे कारण विचारू नये.

रुडीन सिम्स बिशप यांनी १९९० साली मुलांच्या पुस्तकांविषयी लिहिताना आरसे, खिडक्या आणि सरकती काचेची दारे अशी प्रतिमा वापरली होती: काही पुस्तकांत आपण स्वतः दिसतो, काहींतून दुसऱ्याचे जग दिसते, आणि काहींतून त्या जगात पाऊल टाकता येते. ही प्रतिमा मला फार प्रिय आहे, आणि तिचा चुकीचा वापर पाहून तितकेच वाईटही वाटते. वडील नुकतेच गेलेल्या मुलाला वडील गमावलेल्या मुलाची कादंबरी, अपंगत्व असलेल्या मुलीला अपंग नायिकेची कादंबरी, असे समीकरण आपण मांडतो आणि त्यालाच आरसा समजतो. त्या मुलाला कदाचित समुद्रावरची साहसकथा हवी असेल, जिथे काही तास कोणी त्याच्याकडे दयेने पाहत नाही. आरसा मागितल्यावर द्यावा, किंवा इतर पुस्तकांच्या सोबतीने शांतपणे मांडून ठेवावा, म्हणजे त्याला हवा असेल तेव्हा तो स्वतः उचलील.

मुलाने कोणत्या विषयावरचे पुस्तक मागितले हे त्याच्या पालकांना परस्पर सांगू नये. एकदा हा विश्वास तुटला की पुन्हा प्रश्न येत नाहीत. मात्र बोलण्यातून त्याच्या जिवाला धोका आहे किंवा त्याला कोणी इजा करत आहे असे जाणवले, तर तिथे पुस्तकाचे काम संपते आणि मदत करू शकणाऱ्या जबाबदार माणसापर्यंत, ते त्याला सांगूनच, गोष्ट तातडीने पोहोचवावी लागते. पालक स्वतः विचारायला आले, तर पुस्तकात काय आहे ते त्यांना पूर्ण सांगावे आणि शक्य असल्यास त्यांनीही ते वाचावे असे सुचवावे. पूर्ण पुस्तक वाचलेला पालक आणि कोणीतरी दाखवलेले एकच पान वाचलेला पालक यांच्याशी होणारे बोलणे अगदी वेगळे असते.

सहावी पायरी: तीन पुस्तके पुढे ठेवा

एकच पुस्तक दिले तर ती आज्ञा वाटते आणि दहा दिली तर वाचक निघून जातो. तीन हा आकडा माझ्या अनुभवाने ठरलेला आहे. त्यांतले पहिले मागच्या आवडत्या पुस्तकाच्या अगदी जवळचे असावे, दुसरे त्याच दाराचे पण वेगळ्या विषयाचे असावे, आणि तिसरे थोडे धाडसाचे असावे. वरच्या तिसऱ्या मुलासाठी, ज्याला व्यवस्था आणि नियम यांचे कुतूहल आहे, मी 'द गिव्हर', 'वामन परत न आला' आणि 'रारंग ढांग' ठेवीन. शेवटच्या पुस्तकात भविष्य नाही की यंत्रमानव नाही, पण डोंगर कसा फोडायचा, माणसे कशी वागवायची आणि वरून आलेला हुकूम चुकीचा वाटला तर काय करायचे, हे प्रश्न आहेत. तो ते उचलीलच असे नाही. पण सहा महिन्यांनी ते नाव त्याला ओळखीचे वाटेल.

सातवी पायरी: दोन वाक्यांत सांगा आणि गप्प बसा

पुस्तकाची ओळख करून देताना कथा सांगू नये, प्रसंग सांगावा. "एक इंजिनिअर नोकरीवर हजर व्हायला जातो, तर तिथे रस्ताच नाही, कारण तो रस्ता त्यालाच करायचा आहे" एवढे वाक्य पुरते. पुस्तक किती महान आहे, त्याला कोणता पुरस्कार मिळाला, ते वाचून किती शिकायला मिळेल, यांतले काहीही कुमारवयीन वाचकाला सांगू नये. "तुझ्या वयात प्रत्येकाने हे वाचलेच पाहिजे" हे वाक्य तर मी माझ्या बोलण्यातून प्रयत्नपूर्वक काढून टाकले, कारण ते ऐकताच समोरच्याच्या डोळ्यांतली उत्सुकता विझताना मी पाहिली आहे. पहिला परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवता आला तर त्याहून चांगले काही नाही.

आठवी पायरी: सोडून देण्याची मुभा आधीच द्या

फ्रेंच लेखक आणि शिक्षक डॅनियल पेनाक यांनी १९९२ सालच्या एका पुस्तकात वाचकाचे दहा हक्क सांगितले. त्यांतला पहिला न वाचण्याचा आहे, दुसरा पाने गाळण्याचा आणि तिसरा पुस्तक पूर्ण न करण्याचा. हे हक्क मुलांना मोठ्याने सांगावेत. नॅन्सी पर्ल यांचा नियम असा, की पुस्तकाला पन्नास पाने द्यावीत आणि तरीही मन लागले नाही तर ते खुशाल ठेवून द्यावे. कमी वाचणाऱ्या मुलाला मी पंचवीसच पाने सांगते.

पुस्तक परत आले की "वाचलेस का?" असे विचारू नये, कारण त्यात तपासणीचा सूर आहे. "कुठपर्यंत गेलास?" असे विचारावे. अकराव्या पानावर थांबलो असे तो निःसंकोचपणे सांगू लागला, की आपली पुढची शिफारस आधीपेक्षा नेमकी होते, कारण का थांबलास याचे उत्तर दुसऱ्या पायरीवरच्या सगळ्या प्रश्नांहून जास्त सांगून जाते.

काही वाचकांबद्दल वेगळे सांगायला हवे. जो एकाच मालिकेची सगळी पुस्तके तीनतीनदा वाचतो त्याला त्यापासून तोडू नये; पुन्हा वाचणे हाही पेनाक यांच्या यादीतला एक हक्क आहे. पुढचे पाऊल हवे असेल तर मालिकाच सुचवावी, कारण ओळखीच्या माणसांकडे परत जाण्याची सोय हीच त्याची आवड आहे. जो फक्त थोरामोठ्यांच्या कादंबऱ्या मागतो आणि त्या वाचताना कंटाळतो, त्याला विचारावे, की ही निवड त्याची आहे की कोणावर छाप पाडण्यासाठी आहे, पण हे विचारताना त्याचा मान राखावा. ती छाप पाडण्याची इच्छा बहुधा खऱ्या भुकेच्या शेजारीच राहत असते. आणि जो अजिबात वाचत नाही, त्याला पहिले पुस्तक कादंबरीच द्यावी हा आग्रह सोडावा. छोट्या कथा, प्रवासवर्णन, एखाद्या खेळाडूचे चरित्र, काहीही चालेल. कादंबरीपर्यंत तो नंतर येईल, आणि कदाचित येणारही नाही.

नववी पायरी: स्वतःचा साठा वाढवत राहा

जो वाचत नाही त्याला सुचवता येत नाही, आणि सगळे वाचणे कोणालाच शक्य नसते. म्हणून दर महिन्याला कुमारांसाठीची निदान दोन नवी पुस्तके पूर्ण आणि आणखी पाच-सहा पहिल्या पन्नास पानांपर्यंत वाचावीत. पुरस्कारांच्या याद्या शोधाला चांगल्या आहेत, पण त्या कोणासाठी आहेत ते पाहून घ्यावे. २००० सालापासून दिला जाणारा प्रिंट्झ पुरस्कार कुमारांसाठीच्या पुस्तकातली वाङ्मयीन गुणवत्ता पाहतो, तर १९९८ मध्ये सुरू झालेले अ‍ॅलेक्स पुरस्कार प्रौढांसाठी लिहिलेल्या पण बारा ते अठरा वयाच्या वाचकांना भावतील अशा दहा पुस्तकांना दरवर्षी मिळतात; वाचन पुढे गेलेल्या सतरा वर्षांच्या मुलीसाठी ही दुसरी यादी अधिक उपयोगी पडते. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मात्र तरुण लेखकांसाठी आहे, त्यावरून पुस्तक तरुण वाचकांसाठीचे आहे असा अर्थ काढू नये.

एक साधी वही ठेवावी. प्रत्येक पुस्तकासमोर मोठे दार कोणते, वेग कसा, निवेदक कोण, कोणता कठीण आशय कितव्या प्रकरणात येतो आणि कोणाला आवडले किंवा आवडले नाही, एवढ्या नोंदी पुरेत. वाचकांची नावे लिहू नयेत; "पंधरा वर्षांची, भीतिकथा आवडतात, शेवट उदास असल्याने नाराज" असे लिहिले तरी काम भागते. वर्षभरात ही वही कोणत्याही छापील यादीपेक्षा मोलाची होते, कारण तिच्यात नकारही नोंदवलेले असतात.

कधीतरी तोच वाचक तुम्हाला पुस्तक आणून देतो आणि "हे तुम्ही वाचा" असे सांगतो. ते पुस्तक त्याच पंधरवड्यात वाचावे, इतर सगळे बाजूला ठेवून. आवडले तर कोणत्या पानावर आवडले ते सांगावे, आणि नाही आवडले तर आपण कुठे थांबलो ते त्याला मोकळेपणाने सांगावे, जसे त्याने आपल्याला सांगावे अशी आपली अपेक्षा असते.